वळणावरचे खडे

गल्लीत त्याला सगळे 'खडेवाला' म्हणतात, आणि त्याला राग येत नाही, कारण ते खरंच आहे. पाण्याच्या संशोधन केंद्रात, एका पत्र्याच्या शेडमध्ये, गावच्या नदीची पन्नासपट छोटी सिमेंटची नदी आहे. तिच्या तळाला बोराएवढे खडे एकेक करून चिकटवायचे, ही त्याची नोकरी. खडे असले की पाणी अडखळतं आणि चढतं. नसले की सुळकन निघून जातं. किती चढतं ते तिथल्या संशोधिका, म्हणजे बाई, मोजतात आणि त्या आकड्यावरून खऱ्या नदीच्या पूरभिंतीची उंची ठरते. बायको म्हणते, "घरात एक खिळा ठोकायला महिना लावतो, आणि तिकडे नद्या घडवतोय!"

तीन वर्षांपूर्वी, अंतिम सामन्याच्या दिवशी, फक्त वळणावरचे खडे राहिले होते. पठ्ठ्याने ते नुसतेच पसरले आणि 'उद्या चिकटवू' म्हणत टीव्हीपुढे पळाला. सकाळी तो पोचायच्या आत बाईंनी पाणी सोडलं, आकडेही टिपले. वाहून जाळीत अडकलेले खडे त्याने गुपचूप खिशात घातले.

त्याच आकड्यांवर भिंत झाली. गेल्या पुरात पाणी तिच्यावरून आलं, ते नेमकं वळणावरच्या धाकट्या बहिणीच्या घरात. तिचं शिलाई मशीन बुडालं. आणि ती सगळ्यांना सांगत सुटली, "आमच्या दादाची भिंत होती म्हणून कंबरेवर भागलं!" वर त्याला आग्रह करकरून वाढायची. घास काही उतरायचा नाही. बायकोला वाटलं, पित्त झालंय.

मग एकदा बाई म्हणाल्या, "पलीकडच्या काठालाही भिंत हवीय. हीच नदी वापरू. उद्या पाणी सोडते."

"नका सोडू, बाई. वळणावर खडे नाहीत."

"निघाले असतील. लावा की."

सुटायला केवढी सोपी वाट! पण तो म्हणाला, "निघाले नाहीत. लावलेच नव्हते. त्या भिंतीच्या वेळीही."

त्याने दोन दिवस खडे चिकटवले. पाणी सोडल्यावर बाईंनी मोजायची पट्टी त्याच्याच हातात दिली. मागच्या आकड्यापेक्षा दोन सेंटीमीटर जास्त. गुणिले पन्नास, एक मीटर. बहिणीची कंबर.

"हे वर कळवावं लागेल. तुमच्या नावासकट."

"कळवा."

कागद जायच्या आत तो बहिणीकडे गेला आणि सगळं सांगून मोकळा झाला. मोकळा कसला! ती गंजलेल्या मशीनकडे बघत बसली.

"सामना जिंकलो होतो का रे?"

"हरलो."

"म्हणजे तेही नाही." तिने मशीन त्याच्यापुढे सरकवलं. "खोल. साफ कर. एक स्क्रू जरी राहिला ना, दादा..."

संध्याकाळपर्यंत त्याने स्क्रू न् स्क्रू बसवला. निघताना तो दारात जरा रेंगाळला. त्या दिवशी मात्र तिने जेवायला थांब म्हटलं नाही.