रेकॉर्डर येईपर्यंत सुनेला घरी आणणे

मावशी चहाच्या कपावर बशी पालथी घालतात. बोलणं संपेपर्यंत चहा गरम राहावा म्हणून. बोलणं संपत नाही, चहा गार होतो, मग त्या चहाला नावं ठेवतात. हातात येईल त्याची चौपदरी घडी घालतात. रुमालाची, वर्तमानपत्राची, औषधाच्या रिकाम्या पाकिटाची. चादर वाळली की नाही ते हाताने बघत नाहीत, गालाला लावून बघतात. मालिकेतल्या दुष्ट माणसाबद्दल बोलताना आवाज खाली आणतात, जणू तो शेजारच्या खोलीत कान देऊन बसलाय. आणि 'मी कशाला खोटं बोलू?' हे वाक्य त्या फक्त खोटं बोलतानाच वापरतात.

दवाखान्याच्या तळघरात लाँड्री आहे. तिथे मावशी घड्या घालायच्या कामावर आहेत. त्यांची पाळी पहाटे सुरू होते आणि दुपारी जेवणाच्या सुमाराला संपते. बाकीच्या बायका उशिरा येतात आणि संध्याकाळी सुटतात. त्यामुळे दुपारी घरोघरी ती मालिका लागते तेव्हा मावशी घरी टीव्हीसमोर असतात आणि बाकीच्या वाफेत. सगळ्या लाँड्रीत मालिका बघणारी एकटी मावशी. दुसऱ्या दिवशी दोन्ही पाळ्या एकत्र असतात तेवढ्या वेळात त्या कालचा भाग सांगतात. घड्या घालत.

चादरीला दोघी लागतात. समोरासमोर उभं राहायचं, कोपरे धरायचे, एक झटका द्यायचा. मग चालत एकमेकींकडे यायचं, आपले कोपरे समोरचीच्या हातात द्यायचे, वाकून खालची कड उचलायची आणि पुन्हा मागे सरायचं. लांब असताना सासू बोलते. जवळ येता येता सून. कोपरे देताना गुपित.

मावशींच्या समोर टाचणी असते. अंगाने टाचणी, जिभेनेही टाचणी. पलीकडे इस्त्रीच्या मोठ्या मशीनवर मशीनवाली. त्या घरघरीत तिचे कान कधीच कामातून गेले. ती मावशींच्या ओठांवरून गोष्ट वाचते. म्हणून महत्त्वाची वाक्यं मावशी तिच्याकडे तोंड करून म्हणतात आणि टाचणीची मान अवघडते. मुकादमबाई ऐकत नाहीत. त्या देखरेख करतात. फक्त गोष्ट रंगात आली की देखरेख जरा जवळून करावी लागते.

खोटं बोलायचं असं मावशींनी काही ठरवलं नव्हतं. एका भागात धाकट्या दिराने सुनेला आलेलं नोकरीचं पत्र फाडलं आणि शीळ घालत जेवायला बसला. मावशींच्या डोक्यात तिडीक गेली. दुसऱ्या दिवशी चादर झटकता झटकता त्यांनी त्याला जिन्यावरून खाली पाडला. पहिल्या घडीला तोल गेला, दुसऱ्या घडीला डोकं आपटलं, तिसऱ्या घडीला कारभार आटोपला. टाचणीने टाळ्या वाजवल्या. चादर जमिनीवर पडली आणि पुन्हा धुवायला गेली. मशीनवाली दोन दिवसांनी रडली. इतक्या उशिरा का, ते तेव्हा कोणी विचारलं नाही.

मग मावशींना आवरेना. मालिकेतली सून चहाचा ट्रे घेऊन दाराआड उभी राहायची आणि आतलं बोलणं ऐकून रडायची. महिनोन्‌महिने तोच ट्रे, तेच दार. मावशींनी तिच्या हातातला ट्रे काढून घेतला आणि तिला गाडी शिकवली. परवाना काढून दिला. आता ती टॅक्सी चालवते, एक खोली घेऊन एकटी राहते आणि सासूचा फोन आला तर 'भाडं आहे' म्हणून ठेवून देते.

कोणी रजेवर गेलं की मावशींचा जीव टांगणीला लागायचा. एकदा टाचणी तापाने घरी राहिली. परत आली ती दारातूनच ओरडत.

'मावशी! बघितली हो मी काल मालिका. तुमचा दीर मस्त ढेकर देत बसलाय की!'

मावशींनी चादर गालाला लावून बघितली. बराच वेळ बघितली.

'तो होय? तो जुळा भाऊ. परदेशात होता.'

'आणि सून त्याला चहा देत होती ती?'

'सासूला स्वप्न पडलं होतं. मी कशाला खोटं बोलू?'

टाचणीने कोपरे धरले. पुढची घडी सुरू झाली.

सगळं असं छान चाललं असताना मुकादमबाई एक जाहिरात घेऊन आल्या. नवीन रेकॉर्डर बाजारात येणार होता. टीव्हीला जोडून ठेवला की ठरल्या वेळी आपला आपण सुरू होतो, समोर कोणी असो नसो, आणि अख्खा कार्यक्रम भरून ठेवतो. दुकानदार आगाऊ नोंदणी घेत होता. शनिवारपर्यंत नाव घातलं तर पहिल्या खेपेत मिळणार, नाहीतर पुढची खेप कधी येईल ते त्यालाही माहीत नव्हतं.

'सगळ्या मिळून घेऊ या,' मुकादमबाई म्हणाल्या. 'आरामखोलीत टीव्ही धूळ खातोय. चहाच्या सुटीत बघता येईल. बिचाऱ्या मावशींच्या घशालाही आराम.'

सगळ्याजणी हो म्हणाल्या.

'पण मावशी म्हणतील तसं हं,' टाचणी म्हणाली. 'टीव्हीतलं त्यांना कळतं.'

मावशींनी त्या जाहिरातीची चौपदरी घडी घातली. रेकॉर्डर आला की पहिल्याच दिवशी ट्रे घेतलेली सून दिसणार आणि मावशींचं पितळ उघडं पडणार. त्याचंही एवढं नव्हतं. चार दिवस चिडवतील आणि विसरतील. पण त्यानंतर चादरीच्या त्या टोकाला कोणी कशासाठी कान टवकारून उभं राहील? मग चादर म्हणजे नुसती चादर.

'शनिवारी सांगते,' त्या म्हणाल्या.

मावशींच्या नवऱ्याने आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केली. आता तो मावशींच्या शेजारी बसून मालिका बघतो आणि त्यातल्या भिंतीवरचं घड्याळ कसं चुकलंय ते सांगतो. मावशींच्या उलाढाली त्याला सगळ्या ठाऊक. संध्याकाळी भांडी घासताना उद्याचा भाग त्या त्याच्यावरच करून बघतात.

'अहो, तो रेकॉर्डर कसा असतो हो?'

'उत्तम. जे घडलं तेच दाखवतो.'

'आणि वाईट काय त्यात?'

'तेच.'

'थट्टा नका करू. मला रात्रंदिवस घोर लागलाय.'

'बरं. दीर मेलाय, त्याचं काय करणार?'

'जुळा आहे ना.'

'सासू?'

'ती आहे तशीच ठेवलीय. तिच्यात सुधारणेला वावच नाही.'

'आणि सून?'

मावशींनी उशीच्या अभ्र्याची घडी घातली. उशी आत होती.

'नको म्हणून सांग,' नवरा म्हणाला. 'तुझं ऐकतील. वीज खातो म्हण.'

शनिवारी मावशी तयारीने गेल्या.

'वीज फार खातो म्हणे तो.'

'वीज दवाखान्याची,' मुकादमबाई म्हणाल्या.

'बिघडला तर?'

'तुमचे यजमान आहेत की. उघडतील.'

'उघडतील. पण नंतर तो वेळ दाखवायला लागेल.'

'मावशी, तुम्हाला नकोय का?' टाचणीने डोळे बारीक केले.

'मला कशाला नको असेल? पण भरून ठेवलेली मालिका शिळी होते गं. ताजी ती ताजी.'

'ती मालिका आहे, दूध नाही.'

'डोळेही जातात त्याने.'

'टीव्हीने नाही जात?'

'टीव्हीने जायचे तेवढे जातातच. वर हे आणखी!'

सगळ्या हसल्या. मावशींना जरा धीर आला. आता ठाम 'नको' म्हणायचं आणि विषय मिटवायचा, एवढंच राहिलं होतं. तेवढ्यात मशीनवालीने मशीन बंद केली. कामाच्या वेळी ती मशीन कधीच बंद करत नाही. तळघरात इतकी शांतता झाली की नळ गळतोय हे सगळ्यांना पहिल्यांदा कळलं.

मशीनवाली फार मोठ्याने बोलते, कारण तिला स्वतःचं बोलणंही नीट ऐकू येत नाही.

'मावशी, मला तुमचं अर्धंच कळतं. तुम्ही वळलात की गेलं. तो दीर जिन्यावरून पडला तेव्हा टाचणी मध्ये आली. मला वाटलं तो गावाला गेला. दोन दिवस मी त्याची वाट बघत होते.'

कोणी हसलं नाही.

'मला बाकी काही नको. एकदा ती सून बघायचीय. गाडी चालवताना कशी दिसते ते. एका हाताने चालवते की दोन्ही?'

नाही म्हणायला मावशींनी तोंड उघडलं होतंच. त्यातून 'घ्या' बाहेर पडलं.

मुकादमबाई त्याच पावली नोंदणी करायला गेल्या.

'मग?' घरी नवऱ्याने विचारलं.

'घ्या म्हटलं.'

'कमाल आहे तुझी.'

'येईपर्यंत थोडे दिवस आहेत. तेवढ्यात सगळ्यांना जागच्या जागी आणून ठेवते. मालिकेत आहेत तसे. मग कोणाला काही कळणार नाही.'

जुळ्याचं काम उशीच्या एका खोळीची घडी होईपर्यंत उरकलं. त्याला दिराची खोली दिली, दिराचे कपडे दिले, शीळही शिकवली. उरली सून. तिला टॅक्सी विकायला लावायची, सासरी आणायची आणि हातात ट्रे द्यायचा. एवढंच.

मावशींनी आधी टॅक्सीचं इंजिन जाळलं.

'करेल की दुरुस्त,' टाचणी म्हणाली. 'येतं तिला.'

'कधी शिकली ती?'

'तुम्हीच नाही का सांगितलंत? गॅरेजवाल्याकडे.'

मावशी विसरल्या होत्या. मग त्यांनी सासूला अंथरुणाला खिळवलं. सून आली, सासूला गाडीत घालून डॉक्टरकडे नेलं, परत आणून सोडलं आणि उंबऱ्यावरूनच वळली. मावशींना तिला थांबवायचं होतं, पण तोपर्यंत चादर संपली होती. मग सुनेच्या नवऱ्याला मनधरणी करायला पाठवलं. तो मागच्या सीटवर बसून हुंदके देऊन रडला. सुनेने त्याला शहरभर फिरवलं, सगळं ऐकून घेतलं आणि उतरताना मीटरप्रमाणे पैसे घेतले. हे मावशींच्या तोंडून कसं निघालं ते त्यांनाच कळलं नाही. मुकादमबाई देखरेख विसरून खुर्चीवर बसल्या आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

'आली का घरी?' नवरा रोज विचारायचा.

'निघालीय.'

'आज?'

'वाटेत भाडं लागलं.'

'तुझं लक्षण मला काही ठीक दिसत नाही,' तो म्हणाला आणि मालिकेतल्या घड्याळाकडे बघायला लागला. पडद्यावर सून ट्रे घेऊन दाराआड उभी होती. मावशींनी तिच्याकडे रागाने पाहिलं. 'ठेव गं तो खाली,' त्या म्हणाल्या. तिने ठेवला नाही.

शेवटी एका सकाळी मावशी मन घट्ट करून आल्या. आज नेऊन सोडायचीच. सून गाडी घेऊन सासरच्या फाटकाशी आली होती, इथपर्यंत गोष्ट पोचली. मावशींनी कोपरे धरून मशीनवालीकडे तोंड केलं.

'इंजिन चालूच आहे. आत ओट्यावर ट्रे भरून ठेवलाय. चहा ओतलाय. सासू खिडकीत उभी. सुनेने दाराच्या मुठीला हात लावला...'

तेवढ्यात मुकादमबाई खोकं छातीशी धरून जिना उतरल्या.

'आला! सांगितल्यापेक्षा एक दिवस आधीच आला! चला, लावू या.'

कोणीच हललं नाही. टाचणीने चादर ताणून धरली होती. मशीन बंद होती. कधी बंद झाली ते कोणालाच कळलं नव्हतं.

'अगं, चला ना!'

'थांबा हो बाई,' टाचणी म्हणाली. 'आधी ती उतरते का बघू.'

'हा लावला की दिसेलच की ते.'

'त्यातलं नको. यांच्यातलं.' टाचणीने मावशींकडे मान उडवली, आणि मावशींना कळलं की टाचणीला जुळा भाऊ कधीच पटला नव्हता.

मुकादमबाईंनी खोक्याकडे पाहिलं, मग मावशींकडे. खोकं खाली ठेवलं आणि त्यावरच बसल्या.

'मग? उतरली का?'

एकच शब्द होता. उतरली. तो म्हटला की सगळं जमत होतं. ट्रे, दार, जुळा, सगळं. मावशींनी तोंड उघडलं. शब्द जिभेवर आला, दातांपर्यंत आला.

'मावशी,' मशीनवाली नेहमीसारखी ओरडून म्हणाली, 'गाडी बंद नका करू तिची.'

मावशींनी तोंड मिटलं आणि चादर गालाला लावली.

खोकं आता आरामखोलीत कपाटावर आहे, दोरी बांधलेलं. सून घरात गेली की उघडायचं, असं सगळ्यांच्या मताने ठरलं आहे. मावशी रोज घरून पक्कं ठरवून येतात, की आज तिला उतरवायचीच. काल उतरवणारच होत्या. पण गाडी इतके दिवस चालू राहून पेट्रोल संपत आलं होतं, म्हणून सून आधी ते भरायला गेली.