कुलूपवाल्याची सून

कुलूपवाले आजोबा म्हणजे उभा जन्म कुलपांच्या पोटात बोटं घालण्यात गेलेला माणूस. आपल्या कुलपाचं पोट त्यांनी सख्ख्या भावालाही कधी दाखवलं नाही. आणि सून मिळाली ती अशी! दिवसा चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायची, उरल्या वेळात अंधांना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्राम फुकटात सांभाळायची. तो जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेला, आतून-बाहेरून सगळ्यांना उघडा.

"आणि तो जिथून उतरवून घेतात, त्या साइटचं कुलूप?" आजोबांनी एकदा विचारलं.

"तेही कसं बनवलंय ते जगजाहीर आहे, बाबा. किल्ली तेवढी आपल्याकडे."

"मी असं केलं असतं तर धंदा बसलाच असता की गं!"

त्या सकाळी अंधशाळेतल्या बाईंचा फोन आला. अकराला परीक्षा, नव्या कॉम्प्युटरवर प्रोग्राम टाकायचा, आणि साइट उघडली की इशारा: ही जागा सुरक्षित नाही. साइटचं ओळखपत्र, ते सर्टिफिकेट, मुदत संपून पडलं होतं.

"ताई, तसंच पुढे जाऊ का?"

"नको! इशारा ऐकला की थांबायचं, हे तुम्हीच मुलांना शिकवलंत ना? थांबा जरा."

आजोबांचा जीव टांगणीला. "अगं, पोरांची परीक्षा बुडेल! एवढ्या एका वेळी जाऊ दे की!"

"एकदा गेले की दर वेळी जातील, बाबा."

स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलेल्या लॅपटॉपवर तिची बोटं भराभर चालत होती. मग ती एकदम थांबली आणि तिनं कपाळावर हात मारला.

"नवं सर्टिफिकेट केव्हाच आलंय! मशीननं आपलं आपण आणून ठेवलंय. पण साइटचा पहारेकरी, तो सर्व्हर, जुनंच गळ्यात घालून दारात उभा. नवं आलं की त्याला हाक मारायची, ती ओळ मीच लिहायची विसरले."

तिनं आत्तापुरती हाक मारणारी एक ओळ टाइप केली. बस्स, एकच ओळ!

"ताई, इशारा गेला!" बाई फोनवर ओरडल्या. थोड्या वेळानं त्याच फोनमधून कॉम्प्युटरचा आवाज आला, प्रश्नपत्रिकेचं नाव वाचणारा, आणि मागून पोरांचा एकच गलका.

आजोबा आ वासून पाहतच राहिले. कुठली शाळा, कुणाची पोरं, आणि दार उघडलं ते ह्या स्वयंपाकघरातून! ते उठले, फळीवरचं आपलं सगळ्यात अवघड कुलूप आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन आले.

"ये पोरी. आतून बघ."

"बघते, बाबा. आधी ती हाक मारायची ओळ कायमची लिहू द्या."

आजोबांनी तोवर पहिला स्क्रू काढलासुद्धा.