मोडायला दिलेला संगणक

उल्हास गेल्याची बातमी आली तेव्हा मी त्याच्यावर रागावलेली होते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे लिहिणार आहे त्यात हा राग सारखा मध्ये येईल. सकाळची वेळ होती. पाववाला पोदेर नुकताच येऊन गेला होता, मी पाव डब्यात ठेवत होते आणि मनातल्या मनात उल्हासशी भांडत होते. दोन दिवसांपूर्वी, रविवारी, आमचं फोनवर चांगलंच वाजलं होतं आणि तेव्हा काय काय बोलायचं राहून गेलं याची माझी जुळणी अजून चालू होती. तेवढ्यात शिरगावहून त्याच्या मेहुण्याचा फोन आला. पहाटे छातीत दुखायला लागलं, हॉस्पिटलात नेईपर्यंत संपलं होतं, एवढंच तो बोलला. मी फोन ठेवला, आणि मनात अर्धवट राहिलेलं ते भांडणाचं वाक्य आपोआप पुरं झालं… मग मी खुर्चीत बसले. डबा उघडाच राहिला होता.

डिचोलीच्या एका हायस्कुलात मी मराठी शिकवत होते आणि उल्हास तिथंच संगणक शिकवायचा. मूळचा पेडण्यातल्या केरीचा, सासुरवाडीच्या ओढीनं शिरगावात घर बांधून राहिलेला. माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी लहान. सगळी शाळा मला टीचर म्हणायची, तोही म्हणायचा, पण त्याच्या टीचरमध्ये थोडी चेष्टा असायची. मला शब्द गोळा करायचा नाद आहे. आपल्या शेतातले, खाडीकाठच्या खाजनातले, समुद्रावरचे शब्द. मेर, मानस, पोंय, सुकती… म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून ऐकायचे, चिठ्ठीवर लिहायचे आणि चिठ्ठ्या खडूच्या रिकाम्या खोक्यांत भरायच्या. स्टाफरूमच्या कपाटात अशी खोकी वाढत चालली तेव्हा बाकीच्यांनी नाकं मुरडली. उल्हासनं एक खोकं उघडून बघितलं, दहा-बारा चिठ्ठ्या वाचल्या आणि केरीतला आपल्या आजीचा एक शब्द त्यात नाही म्हणून मलाच झापलं. महिनाभरात त्यानं शाळेच्या संगणकावर माझ्यासाठी एक प्रोग्रॅम लिहून दिला. शब्द, अर्थ, कोणी सांगितला, कुठल्या गावचा. कुणी सांगितलं नव्हतं त्याला.

पुढं कितीतरी वर्षं सुट्टीच्या दिवशी त्याच्या स्कूटरवर मागं बसून मी केरी, हरमल, पालये ही गावं पालथी घातली. हरमलात किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढणाऱ्या एका म्हाताऱ्याला मी भरती-ओहोटीचे शब्द विचारत होते. तो माझ्याकडं ढुंकून बघेना. नुसतं उभं राहून विचारणाऱ्यांना काही सांगायचं नाही असा त्याचा बाणा होता. उल्हासनं चपला काढल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि रापणीची दोरी धरली. तासभर तो ओढत होता आणि मी वाळूत उभी राहून चिठ्ठ्या लिहीत होते. परतीच्या वाटेवर त्याच्या तळहातांची सालं निघालेली दिसली तेव्हा मी ओरडले. तो म्हणाला, सतरा शब्द मिळाले ना? त्यानं मोजले होते.

आता माझ्या हातून झालेलं सांगते. प्रोग्रॅम नवीन होता तेव्हा मी स्वतः त्यात शब्द भरत असे. एका दुपारी स्क्रीनवर इंग्रजीत काहीतरी प्रश्न आला. मला तासाला जायचं होतं, मी न वाचताच हो म्हटलं आणि ‘म’ने सुरू होणारा प्रत्येक शब्द नाहीसा झाला. तासाला न जाता मी स्टाफरूममध्ये येऊन बसले. उल्हासनं सगळ्यांना सांगितलं की लाईट गेली त्यामुळं झालं. त्या दिवशी लाईट गेली नव्हती, हे सगळ्या शाळेला माहीत होतं. चिठ्ठ्या होत्या म्हणून वाचले, त्यानं त्या बघून महिनाभर शाळा सुटल्यावर बसून ‘म’ पुन्हा भरला. त्यानंतर मी त्या यंत्राला हात लावला नाही. मी चिठ्ठी लिहायची, त्यानं टाइप करायचं, अशी रीतच पडून गेली. मुलांना मी धीट व्हा म्हणून सांगायची आणि स्वतः एका बटणाला भिऊन राहिले, याची लाज मला तेव्हाही वाटायची. पण लाजेपेक्षा भीती मोठी होती.

मी निवृत्त झाले आणि पाठोपाठ तो जुना संगणकही आचके देऊ लागला. शाळेनं तो काढून टाकायचा ठरवला. उल्हासचा प्रोग्रॅम नव्या संगणकांवर चालेना, जुन्या फॉन्टमधली अक्षरं तिथं उघडली की नुसता कचरा दिसायचा. तेव्हा त्यानं एक अचाट गोष्ट काढली. मोठ्या कंपन्यांच्या सर्व्हरवर घालतात ते एक सॉफ्टवेअर असतं. ते घातलं की एकाच यंत्राच्या पोटात चार-पाच वेगळे संगणक चालवता येतात, आणि त्यातला एक म्हणजे आपला हा म्हातारा, जसाच्या तसा. मला काही ते पटेना. तो म्हणाला, “टीचर, हरमलात एकाच घराच्यो चार खोल्यो करून भाड्यान दितात न्हय? दरेक पावण्याक दिसता, घर आपलेंच.” हे मला लगेच कळलं. अडचण एवढीच होती की ते सॉफ्टवेअर ठराविक जातीच्या महागड्या यंत्रांवरच घाला, असं ते बनवणाऱ्यांचं म्हणणं होतं, आणि उल्हासकडं होता खाणीच्या एका ऑफिसनं भंगारात काढलेला टेबलावरचा साधा संगणक. तो उघडला तेव्हा आतून लाल माती निघाली. सायकलच्या पंपानं हवा मारून मारून त्यानं ती झाडली, अंगणातल्या तुळशीपर्यंत धूळ गेली आणि शुभांगी, त्याची बायको, दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही.

ती सगळी मे महिन्याची सुट्टी त्यात गेली. दर रविवारी मी बसनं शिरगावला जायची आणि तो मला त्या आठवड्यातला नकार दाखवायचा. पेन ड्राईव्ह लावायचा, यंत्र सुरू करायचं, पिवळ्या-करड्या पडद्यावर ओळी धावायच्या आणि मग एक वाक्य येऊन सगळं थांबायचं. नेटवर्कचं कार्ड सापडत नाही. कार्ड होतं, आतच बसवलेलं होतं, पण त्या सॉफ्टवेअरला ते ओळखीचं नव्हतं. उल्हासनं पेन ड्राईव्हमधल्या फायली उलटसुलट करून बघितल्या. पुन्हा तेच वाक्य. मी वैतागून म्हटलं, पणजीच्या कुणा जाणत्याला दे हे. त्याला ते लागलं असणार, पण तो हसला फक्त. अखेर म्हापशाच्या एका दुरुस्तीवाल्या मित्राच्या ड्रॉवरच्या तळाशी एक जुनं कार्ड मिळालं, ते बसवलं आणि ओळी पुढं सरकल्या. मग शेवटची सूचना आली. हा प्रोसेसर यापुढच्या आवृत्तीत चालेलच असं नाही. मी मोठ्यानं वाचून काढली आणि म्हटलं, अरे, हे बघ काय म्हणतंय. “आतां तर चलता मगे,” असं म्हणून त्यानं एन्टर दाबलं.

त्या संध्याकाळी माझे सगळे शब्द त्या डब्यात सुखरूप उतरले. झाकण काढलेलं ते यंत्र त्याच्या मागच्या खोलीत कित्येक वर्षं चाललं, शेजारी टेबलफॅन लावून. मी चिठ्ठ्या नेऊन द्यायची, चहा प्यायची, घरी यायची. शब्दांचं पुस्तक होईल तेव्हा होईल, मला घाई नव्हती.

या वर्षी जून-जुलैपासून तो एकच धोशा लावून बसला. टीचर, तुम्ही हे शिकून घ्या. दोनच तास द्या. यंत्र कसं लावायचं, कसं बंद करायचं, शब्द कसे भरायचे. मी टाळायची. कधी पाऊस, कधी गुडघा, कधी पाहुणे. तो दर आठवड्याला फोन करायचा, आणि इतकी वर्षं कधीही कशाचा हट्ट न धरणारा माणूस आता का मागं लागलाय, याचा मी माझ्यापुरता एक अर्थ काढला. याला माझ्या चिठ्ठ्या टाइप करायचा कंटाळा आलाय. हा अर्थ एकदा डोक्यात बसला की मग त्याची प्रत्येक विनवणी मला टोचायला लागली. त्या शेवटच्या रविवारी मी त्याला सरळ म्हटलं, “कंटाळा आला असेल तर तसं सांग. माझी मी कागदावर करीन. उपकार नकोत तुझे.” तिकडून पंख्याचा आवाज येत होता. मग तो हळूच म्हणाला, “तशें न्हय, टीचर…” पुढं काय होतं ते मी ऐकलं नाही, कारण मी फोन ठेवला होता.

बारावं झाल्यावर काही दिवसांनी शुभांगीनं बोलावलं. यंदा त्यांच्याकडं चवथीचा गणपती नव्हता, दारासमोर सामसूम होती. मधल्या काळात वीज बरीच वेळ गेली, मागच्या खोलीतलं यंत्र बंद पडलं, ते कुणी लावलं नाही. तिनं मला त्या खोलीत नेलं आणि पलंगावर बसून सगळं सांगितलं. या मे महिन्यातच डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं. उल्हासनं ते चवथीनंतरवर ढकललं आणि कुणाला सांगायचं नाही म्हणून तिला शपथ घातली. “तुमकां तरी सांगा म्हणून हांवें कितलेंशें सांगलें,” ती म्हणाली. “म्हणाले, टीचर भियेतली, मगीर शिकची ना.” म्हणजे मी घाबरेन आणि मग शिकणार नाही, अशी त्याला काळजी होती. चाळीस वर्षं मी मुलांना उताऱ्याचा अर्थ काढायला शिकवलं. समोरच्या माणसाच्या साध्या विनवणीचा अर्थ मात्र मला काढता आला नाही, आणि जो काढला तो त्याच्या तोंडावर फेकून मारला. ही गोष्ट मला अजून झोपू देत नाही, जेवताना आठवते, बसच्या रांगेत आठवते. कुणी समजूत घालायला आलं की मला त्या माणसाचाच राग येतो.

ड्रॉवरमध्ये माझ्या नावाचा कागद होता. त्यावर लिहिल्याप्रमाणे मी बटण दाबलं. पंखा फिरला, पिवळा-करडा पडदा आला, ओळी धावल्या. सूचनाही आली, तीच, आणि मी एन्टर दाबलं. मग कागदावर दिलेला पत्ता त्याच्या लॅपटॉपवर घातला, पासवर्ड घातला, तीनदा चुकून चौथ्यांदा बरोबर आला. समोर यादी उघडली. पहिल्या ओळीत ‘शब्द’. त्याखाली दुसरी ओळ होती, ‘टीचर, मोडून बघा’. मी ती उघडली. आत माझाच तो जुना संगणक होता, सगळे शब्द जिथल्या तिथं, आणि मधोमध एक फाईल. माझ्यासाठी म्हणून त्यानं ती अगदी जपून पुस्तकी मराठीत लिहायला घेतली होती. ही तुमच्या कामाची नुसती नक्कल आहे, असं पहिलंच वाक्य. मूळ काम वरच्या ओळीत सुरक्षित आहे, त्याला इथून काहीही होत नाही. इथं वाट्टेल ते दाबा, पुसा, बिघडवा, भीती जाईपर्यंत. मग एकेक पायरी, अगदी पहिलीच्या मुलाला सांगावी तशी. शेवटच्या पायरीशी तो आपलं पुस्तकी मराठी विसरला होता. “मोडलें जाल्यार परत पयलेंसारकें कशें करचें, तें हांव स्वता दाखयतां. आयतारा येयात.”

रविवारी या, असं म्हणून फाईल तिथंच संपते.

मी आता आठवड्यातून तीन दिवस शिरगावला जाते. पहिल्या ओळीतल्या संगणकात स्वतः शब्द भरते, एका बोटानं, चिठ्ठी दोनदा वाचून. एकही गेलेला नाही. दुसऱ्या ओळीतल्यावर मी आधी हात बसवला, त्यानं सांगितलं होतं तसं. पुसलं, नको ते दाबलं, प्रत्येक प्रश्नाला हो म्हटलं आणि अखेर तो असा मोडला की सुरूच होईना, काळा पडदा आणि एक पांढरी रेघ. म्हापशाचा तो कार्ड देणारा मित्र भेटायला आला होता. तो म्हणाला, हे परत आणणं म्हणजे दोन मिनिटांचं काम, आत्ता दाखवतो. मी त्याला चहा दिला आणि विषय बदलला. मग एकदा शुभांगीनंही विचारलं, “टीचर, तें सारकें करूंक जाय न्हय?”

मी म्हटलं, आयतारा बघूं. असं म्हणून तीन रविवार झाले.