बाईंचं लाल टिंब

तीस वर्षं निबंध तपासून बाईंच्या अंगात संशय मुरला होता. निबंध बापाने लिहून दिलाय असा वास आला, की त्या खाली लाल टिंब द्यायच्या आणि पोराला समोर बसवून पुन्हा लिहायला लावायच्या.

संशोधकांनी बाईंनीच तपासलेल्या जुन्या वह्यांवरून यंत्राला तपासणी शिकवली. आता बाईंनी सही केली, की सोमवारपासून यंत्रच गुण देणार होतं.

"बाई, तुमची खूण यंत्राने बरोब्बर पकडली हं!" तरुण संशोधक खुशीत म्हणाला. "टिंबवाले निबंध काय झकास असतात! यंत्र त्यांना पैकीच्या पैकी देतं."

"अस्सं?" बाईंनी पेनाला टोपण लावलं. "मग दादा, बक्षीस पोरांच्या बापांना द्या. माझ्या वह्या तेवढ्या परत करा."