सदाच्या कारखान्यातलं माझं भाषण

हे ऐकून तुम्ही हसणार, मला ठाऊक आहे. हसा. मी मात्र अजूनही सातपूरच्या त्या रस्त्यानं जाताना मान खाली घालूनच जातो.

सदा माझा सायखेड्याचा मित्र. गोदावरीत आम्ही बरोबरच पोहायला शिकलो. पुढे मी नाशकात मास्तर झालो आणि सदानं पंचवटीत एका पत्र्याच्या शेडमध्ये द्राक्षांवर औषध मारायचे पंप दुरुस्त करायला घेतले. ही सत्तर सालानंतरची गोष्ट. तेव्हा लोक त्याला वेड्यात काढायचे. ऐंशीनंतर बागा वाढल्या आणि सदाचा सातपूरला कारखाना उभा राहिला. पार सटाण्यापर्यंत त्याचे पंप जायचे. त्याचं कौतुक सांगत फिरायचं काम माझ्याकडे. अपूर्णांक शिकवतानाही मी सदाचे पंप मध्ये घुसवायचो. बायको म्हणायची, त्याच्याशीच संसार करायचा होता.

एके दिवशी खालच्या वाण्याकडे सदाचा फोन आला. लाइनीत खरखर, त्यात त्याचा आवाज दाटलेला. एवढंच कळलं की रविवारी सकाळी कारखान्यावर ये, हार आण आणि दोन शब्द तूच बोल, मला बोलवणार नाही. नवी शेड बांधून होत आली होती. मला काय वाटणार? उद्घाटन! आणि गडी आनंदानं गहिवरलाय!

मी आठवडाभर भाषण पाठ केलं. रविवार कारंजा चौकातल्या फुलवाल्याकडून गुलाबाचा असा हार घेतला की रिक्षात मला बसायला जागा उरेना.

पोहोचलो तर मांडव भरलेला. सगळे गप्प. मला वाटलं, माझीच वाट बघताहेत. मी तडक जाऊन सदाच्या गळ्यात हार घातला, पाठीवर थाप मारली आणि मोठ्यानं म्हणालो, "अभिनंदन, सदाशेठ!"

सदानं नुसतं माझ्याकडे पाहिलं. डोळे जागरणानं तांबारलेले. मग त्याच्यामागच्या टेबलावर फोटो दिसला. उदबत्ती दिसली. शेजारचा माणूस कानाशी लागला, "किसन मिस्त्री गेले. पहिल्या पंपापासून शेठबरोबर होते."

पायाखाली जमीन होती, एवढंच वाईट. नाहीतर आत गेलो असतो.

सदानं हार काढला आणि किसनच्या फोटोला घातला. मग हळूच मला म्हणाला, "तू बोल. मला नाय जमणार."

काय बोलणार? कारखान्यात मी कितीदा गेलो असेन, पण सदाच्या केबिनपलीकडे कधी गेलोच नव्हतो. शेवटी पाठ केलेलं तेच भाषण काढलं आणि सदाच्या जागी किसनचं नाव घातलं.

आणि खरं सांगतो, जमलं की हो! पत्र्याच्या शेडमधले दिवस, हाताला आलेले फोड, लोकांचं हसणं, सगळं किसनलाही लागू पडत होतं. बायका डोळ्यांना पदर लावू लागल्या. सदा खाली मान घालून ऐकत होता. मीही रंगात आलो. पण पाठ केलेलं भाषण म्हणजे उतारावरची सायकल. थांबायचं कुठे, हे माझ्या हातात राहिलं नाही.

"मित्रहो," मी शेवटाला आवाज चढवला, "ही तर नुसती सुरुवात आहे. किसनराव असेच वर वर जात राहोत!"

आणि स्वतःच टाळ्या वाजवल्या. एकट्यानं.

सदानं तोंड रुमालात घातलं. त्याचे खांदे हलत होते. हसतोय की रडतोय, कळेना. शेवटी रुमाल काढून तो भरल्या डोळ्यांनी म्हणाला, "मिस्त्री असता ना, तर लय हसला असता." आणि माझा हात धरून हुंदके देऊ लागला. मिस्त्री गेल्यापासून तो रडलाच नव्हता, असं वहिनी नंतर म्हणाल्या.

मी चपला शोधत होतो, तेवढ्यात किसनची बायको समोर आली. तिनं हात जोडले. "गुरुजी, आमच्या ह्यांच्याबद्दल लय मनापासून बोलले तुम्ही. तुमची अन् त्यांची ओळख कधीची?"

खोटं बोलायचं तरी किती?

"आजचीच," मी म्हणालो.