सात आकारांची गिट्टी

वरोऱ्याकडून चंद्रपूरला जाताना रस्त्यालगत एक गिट्टीखदान लागते. तिथं मी सुपरवायझर होतो. वरून तापट, आतून भित्रा. क्रशरमध्ये फुटलेला दगड हलत्या जाळीवर पडे आणि भोकांच्या मापाप्रमाणे गिट्टी वेगळी होई. आमच्याकडे तिचे सात आकार होते, कारण प्रत्येक ठेकेदाराची 'पाऊण इंची' निराळी. वरोऱ्याच्या स्लॅबवाल्याची बारीक, आलापल्लीच्या रस्तेवाल्याची मोठी, सिरोंच्याच्या ठेकेदाराची दोघांच्या मधली. मालकाच्या तोंडात 'नाही' हा शब्दच नव्हता. मग दिवसातून तीन-तीनदा जाळी बदला.

जाळी बदलायचे आमचे फिटरभाऊ. माझ्याहून वयानं बरेच मोठे. जाळीच्या लोखंडी पेटीत शिरून, पोटावर पडून बोल्ट खोलायचे. आत जाण्याआधी पॅनलमधले तिन्ही चिनीमातीचे फ्यूज, आपण किटकॅट म्हणतो ते, काढून खिशात टाकायचे. फ्यूज खिशात, म्हणजे बाहेरून कुणी मशीन सुरू करू शकणार नाही. पण दोनदा ते काम संपवून तसेच जेवायला निघून गेले होते आणि मी बोंबलत बसलो होतो.

एका दुपारी सिरोंच्याचा ट्रक इंजिन सुरू ठेवूनच उभा होता. ड्रायव्हरनं घाई करून माझं डोकं खाल्लं. मी दोन हाका मारल्या. उत्तर नाही. पॅनल उघडलं तर फ्यूज नाहीत. गेले पुन्हा खिशात घालून! मी तणतणत टेबलाच्या खणातले जादा फ्यूज आणले, खटाखट बसवले आणि हिरव्या बटणावर बोट ठेवलं.

त्याच वेळी ड्रायव्हरनं कंटाळून इंजिन बंद केलं. सगळं शांत झालं आणि पेटीतून पान्ह्याचा आवाज आला. टक. टक.

बोट बटणावरून उचलायलाही मला भीती वाटत होती. कसंबसं बोट उचललं आणि मी फ्यूज उपसले. त्यातला एक पडून फुटला. मी तिथंच दगडाच्या चुरीच्या ढिगावर बसलो.

थोड्या वेळानं फिटरभाऊ धुळीनं पांढरे होऊन बाहेर आले. "काऊन साहेब, तोंड काऊन असं पडलं?"

"ऊन लागलं."

"थांबा, मी पाणी आणतो," म्हणाले आणि स्वतःची बाटली मला देऊन टाकली. मी ती सगळी प्यायलो, पण खरं सांगितलं नाही.

आठ दिवसांत मी मालकासमोर कागद ठेवला. सातऐवजी तीनच आकार, एकावर एक कायम बसवलेल्या तीन जाळ्यांतून एकदम निघणारे, सगळ्या ठेकेदारांना तेच. मालक म्हणाला, गिऱ्हाईक तुटेल. मी माल वाया जाणं, ढीग मिसळणं, ट्रकचा खोळंबा, अशी भारी भारी कारणं दिली. खरं कारण एकच होतं, ते गिळून बसलो. सिरोंच्याच्या ठेकेदारानं फोनवर तेलुगू-मराठीत शिव्या घातल्या, मग तोही मुकाट्यानं नवी गिट्टी नेऊ लागला. जाळी झिजली तरच बदलायची, असं ठरलं. मालक चारचौघांत माझ्या हुशारीचं कौतुक करू लागला, आणि प्रत्येक वेळी मी काहीतरी काम काढून तिथून निघे. अजूनही मशीन सुरू करण्याआधी मी सगळी माणसं डोळ्यांनी पाहून घेतो. कुणी लघवीला गेलेला असला तर तो येईपर्यंत थांबतो. माणसं हसतात.

एकदा चहा पिताना मी फिटरभाऊंना विचारलं, "आता बरं आहे ना? सारखं आत जावं लागत नाही."

"बरं आहे," ते म्हणाले. "पहिलेच्या खदानीत मले लय भेव वाटे आतमंदी जायचं. घरी जेवण नाई जाय. इथी नाई वाटलं कधी."

"का?"

"बाहेर तुमी राहत होते ना, साहेब."

मी हो म्हटलं.