पुना आबांच्या विहिरीची घागर

आमच्या गल्लीतली मेघा जळगावला रसायनशास्त्रात संशोधन करते. दोंडाईचाजवळच्या आमच्या गावात तिचं काम काय, हे कुणाला धड सांगता यायचं नाही. मी मराठी शाळेत दहावी झालेली. मला तिने समजेल असं सांगितलं. दोन-तीन पदार्थांचे अगदी सूक्ष्म कण एकत्र बांधून ती काळपट पूड करते. पट्टीवर लावली की ती पाण्यातलं तणनाशक ओळखते, आणि उन्हात तेच तणनाशक मोडूनही टाकते.

तिचे वडील पुना आबा गेल्या पावसाळ्यात वारले. वर्षात गेलेल्या माणसाच्या नावाने आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घागर भरतात. तिची आई, भिकुबाई अक्का, यांना ती आबांनी स्वतः खणलेल्या विहिरीच्या पाण्यानेच भरायची होती. पण मक्यावर तणनाशक फवारून झालं की सगळ्यांचे फवारणीचे पंप त्याच विहिरीवर धुतले जायचे. म्हणून मेघाने आधी बाटलीभर पाणी मागवून घेतलं. ते स्वच्छ निघालं. तिला काही पटेना.

आखाजीला घरी आल्यावर तिने विचारलं, तर अक्कांनी बाटली जारच्या पाण्याने भरून धाडलेली. कॉलेजातल्या सायबांपुढे शेवाळलेलं पाणी कसं ठेवायचं, असं त्यांचं म्हणणं. मेघा इतकी हसली की अक्का रुसल्याच.

मग तिने विहिरीचं पाणी काढून तपासलं. पट्टी पाण्यात बुडवून सोबत आणलेल्या छोट्या यंत्राला जोडली, तर त्यावरची रेघ सरळ वर चढली.

“तुना बापनी खंदेल इहीर शे ती,” अक्का एवढंच म्हणाल्या.

मेघाने परातीत ते पाणी ओतलं, पूड चिकटवलेल्या काचेच्या पट्ट्या त्यात सोडल्या आणि परात अंगणात उन्हात ठेवली. अक्का शेळ्या हाकलत राखणीला बसल्या. मी शेजारी नामस्मरण करत होते. दुपारी पुन्हा तपासलं, तर रेघ तळाला टेकलेली.

“माय, भर घागर. पन कोनी पेवू नका, आजून प्रयोग चालू शे.”

“मंग तुना बापले चालई का?”

“बाबाले चालई.”

अक्कांनी घागर भरली, वर डांगर, म्हणजे खरबूज, आणि गोडाची सांजोरी ठेवली. पाया पडायला आलेले झुलालभाऊ, आबांचे धाकटे भाऊ, घागरीपुढे बराच वेळ वाकून होते. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पंप धुण्याची जागा विहिरीपासून लांब नेली. बाकीचेही हळूहळू तिकडे गेले.

विहीर अजून पिण्याजोगी झालेली नाही. पण अक्कांची घागर आबांच्या पाण्याने भरली. सांजेला दिवा लावताना मी आधी त्याबद्दलच देवाचे आभार मानते.